चेरी काउंटीत माणसे कमी नाहीत

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, अगदी उत्तरेला, चेरी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग, आपल्या जिल्ह्यासारखाच. चेरीचे क्षेत्रफळ सुमारे १५,५०० चौरस किलोमीटर, जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढे. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांवर माणसे होती. चेरीत २०२० च्या जनगणनेत ५,४५५ भरली, आणि त्यातली निम्मी व्हॅलेंटाइन या मुख्य गावात राहतात. एका रँचवरून, म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या कुरणावरून, दुसऱ्या रँचवर जायला गाडीने वीस मिनिटे लागली तरी ते शेजारीच म्हणवतात. दुसरीकडे मांसासाठी पाळलेल्या गाई इथे दीड लाखाहून अधिक आहेत; अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीत एवढ्या नाहीत.

हे आकडे ऐकले की बहुतेकांच्या मनात एकच चित्र येते: मागे पडलेला, ओसाड, हळूहळू मरत चाललेला मुलूख. वॉशिंग्टनमध्ये आणि नेब्रास्काच्या राजधानीत, लिंकनमध्ये, हेच चित्र समोर ठेवून दीडशे वर्षे कायदे झाले. आधी माणसे कमी म्हणून आणखी माणसे आणून बसवण्याचे कायदे झाले, आणि आता माणसे कमीच आहेत म्हणून शाळा, दवाखाने आवरते घेण्याचे हिशेब होतात. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. त्या जमिनीवर जेवढी माणसे नीट जगू शकतात, साधारण तेवढीच तिथे आहेत. विरळ वस्ती हा त्या मुलखाचा दोष नाही. तो दोष मानून आखलेल्या प्रत्येक धोरणाची किंमत तिथल्या माणसांनी मोजली आहे.

आधी जमीन कशी आहे ते पाहू. चेरी काउंटी सँडहिल्स नावाच्या प्रदेशात येते. सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या वाळूच्या टेकड्या आहेत, काही तर शंभर मीटरहून उंच. वाळवंटात असतात तशाच, पण गवताने बांधलेल्या. गवताचा थर पातळ, खाली निव्वळ वाळू. पाऊस वर्षाला ४५० ते ५५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-आटपाडीकडे पडतो साधारण तितका. फरक एवढाच की इथे पडलेले पाणी वाहून जात नाही, सरळ वाळूत मुरते. त्यामुळे पायाखाली ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्याचे पाणी भरलेले आहे. टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागांत ते तळ्यांच्या रूपाने वरही येते, आणि नायोब्रारा व लूप या नद्या दुष्काळातही एकसारख्या वाहतात. इथे गवत उत्तम येते, पण नांगर लावला की वाळू उडते. या मुलखाचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

ही जमीन ‘रिकामी’ होती असे म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. १८६८ मध्ये फोर्ट लॅरमीचा तह झाला. नॉर्थ प्लॅट नदीच्या उत्तरेचा मुलूख लाकोटांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, सोडून दिलेला नाही आणि त्यांच्या परवानगीशिवाय तिथे गोऱ्यांनी वस्ती करायची नाही, असे अमेरिकेच्या सरकारने त्यात लिहून दिले. दहा वर्षांत काळ्या टेकड्यांतल्या सोन्यासाठी तो तह मोडला गेला. रानरेडे, म्हणजे अमेरिकेतले बायसन, मारून संपवले गेले. १८७८ मध्ये लाकोटांपैकी सिचांगू लोकांना आजच्या दक्षिण डकोटातल्या रोझबड एजन्सीवर, म्हणजे त्यांच्यासाठी नेमलेल्या सरकारी ठाण्याच्या मुलखात, बसवले. त्यांच्यावर नजर ठेवायला १८८० मध्ये नायोब्रारा नदीकाठी लष्कराचा तळ उभा राहिला. १८८३ मध्ये रेल्वे आली आणि त्याच वर्षी काउंटी स्थापन झाली. तिला नाव मिळाले त्या तळावरच्या एका तरुण लेफ्टनंटचे. तहापासून काउंटीपर्यंत पंधरा वर्षे. सरकारी नकाशावर जी जमीन ‘खुली’ म्हणून रंगवली गेली, ती आधी माणसे हलवून खुली केलेली होती. वस्तीच्या इतिहासाची सुरुवात रेल्वेच्या पहिल्या गाडीपासून करणे हे खोटे बोलण्यासारखेच आहे, आणि तिथल्या शाळांतून पिढ्यानपिढ्या तेच शिकवले गेले.

गुरे पाळणाऱ्या गोऱ्यांनाही आधी या टेकड्यांची भीती वाटे. आत शिरलेले जनावर परत येत नाही, असा समज होता. १८७९ च्या मार्चमध्ये मोठे हिमवादळ झाले आणि नायोब्राराकाठच्या एका रँचची हजारो गुरे टेकड्यांत शिरली. काऊबॉय त्यांना शोधायला आत गेले, तर आपली गुरे धडधाकट सापडलीच, शिवाय आधीच्या वर्षांत हरवलेल्या गुरांची पैदाससुद्धा सापडली, कुणाच्याही मालकीचा डाग नसलेली, गवतावर पोसलेली. त्या मुलखात काय पिकते हे त्या दिवशी उघड झाले. पण कायदा वेगळेच पीक गृहीत धरून बसला होता.

तो कायदा म्हणजे १८६२ चा होमस्टेड ॲक्ट. जो पाच वर्षे जमिनीवर राहील आणि ती कसेल त्याला १६० एकर फुकट. महाराष्ट्रात कमाल जमीन धारणा कायद्याने कोरडवाहूची मर्यादा ५४ एकरांवर आणली आहे, त्यामुळे आपल्याला १६० एकर म्हणजे मोठी जमीनदारी वाटेल. पूर्वेकडच्या पाणथळ, काळ्या जमिनीवर १६० एकरांत एक कुटुंब खरेच सुखाने जगत असे. तोच आकडा जसाच्या तसा पश्चिमेला वाळूवर लावला गेला. सँडहिल्समध्ये एका गाय-वासराला वर्षभर पुरेल एवढ्या गवताला पंधरा-वीस एकर लागतात. म्हणजे १६० एकरांवर आठ-दहा गाई. एवढ्यावर घर चालत नाही. राहिली शेती, आणि शेती करायची तर नांगर लावायचा, आणि नांगर लावला की वाळू मोकळी.

हे कुणालाच कळत नव्हते असे नाही. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्येच सरकारला अहवाल देऊन सांगितले होते की कोरड्या पश्चिमेत चराईच्या जमिनीवर एका कुटुंबाला किमान २,५६० एकर लागतील, आणि जमिनीचे तुकडे जास्तीत जास्त लोकांना पाणी मिळेल असे आखावेत. पण हा आकडा कुणाला नको होता. रेल्वे कंपन्यांना तिकिटे आणि जमिनी विकायच्या होत्या, राज्यांना लोकसंख्या वाढवायची होती. त्यांना सोयीचे शास्त्र नेब्रास्का विद्यापीठातच मिळाले. तिथले प्राध्यापक सॅम्युअल ऑघी आणि जमिनींचे प्रवर्तक चार्ल्स डेना विल्बर यांनी सिद्धांत मांडला की जिथे नांगर जातो तिथे त्याच्या मागोमाग पाऊस येतो. काही वर्षे योगायोगाने चांगला पाऊस पडलाही. हजारो कुटुंबांनी त्या भरवशावर आपले सारे भांडवल ओतले. मग १८९० आणि १८९४ चे दुष्काळ आले आणि जी माणसे आली होती ती त्याच वाटेने परत गेली. शास्त्राचे नाव घेऊन गरिबाला अशा जमिनीवर बसवणे हा माझ्या दृष्टीने गुन्हा आहे, मग बोलणाऱ्याचा स्वतःचा त्यावर विश्वास असो वा नसो.

ती कुटुंबे कशी राहत होती तेही पाहायला हवे, कारण हिशेबाच्या वहीत हे दिसत नाही. आसपास झाड नाही, त्यामुळे लाकूड नाही. मग घर बांधायचे ते मातीसकट उपटलेल्या गवताचे. खोलगट कुरणात खास नांगराने गवताची हातभर रुंद, चार बोटे जाड लांब पट्टी कापायची, कुदळीने तिचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. भिंत दोन-तीन फूट जाड होई, म्हणून उन्हाळ्यात घर गार आणि थंडीत ऊबदार राही. छपरावरही तेच गवत. पाऊस थांबला तरी छप्पर पुढे दोन दिवस गळत राही. स्वयंपाकाच्या भांड्यात माती पडू नये, वरून साप खाली येऊ नये, म्हणून बायका छताखाली मलमलीचे कापड ताणून बांधत. चुलीत लाकडाऐवजी रानगोवऱ्या. आधी रानरेड्यांच्या, नंतर गाईंच्या, कुरणात वाळलेल्या, पोत्यांत भरून आणलेल्या. अशा घरात बाळंतपणे झाली, आजारपणे निघाली. सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने १८८६ पासून आग्नेयेकडच्या कस्टर काउंटीत या कुटुंबांचे फोटो घेतले. घरापुढे सगळे ओळीने उभे, टेबलावर कलिंगड कापून ठेवलेले, गाय आणि घोडेही फोटोत. आपल्याजवळ जे आहे ते दूरच्या नातलगांना दिसावे, ही धडपड त्या फोटोंत स्पष्ट दिसते. या माणसांच्या कष्टांत काहीच कमी नव्हते. त्यांना दिलेला एकरांचा आकडा चुकीचा होता.

दुष्काळानंतर उरले ते मोठे रँचवाले. त्यांनी सरकारी जमिनीला बेकायदा कुंपणे घातली. स्पेड रँचचे मालक बार्टलेट रिचर्ड्स आणि त्यांचे भागीदार यांच्यावर दोन लाख एकरांहून अधिक सरकारी जमीन कुंपणात घेतल्याचा खटला झाला. म्हाताऱ्या सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या नावाने अर्ज करून जमीन मिळवायची, हीही त्या काळची रीत होती. रिचर्ड्स अखेर तुरुंगात गेले आणि १९११ मध्ये कैदेत असतानाच वारले. कायदा मोडणाऱ्याला शिक्षा झाली ते योग्यच झाले. पण हे रँचवाले एक गोष्ट सारखी सांगत होते आणि ती खरी होती: या जमिनीचे लहान तुकडे करून चालणार नाही, ती भाडेपट्ट्याने चराईला द्या. ज्यांचे हात स्वच्छ नव्हते त्यांच्या तोंडून आले म्हणून खरे बोलणेही फेकून दिले गेले.

त्याऐवजी १९०४ मध्ये किंकेड ॲक्ट आला. नेब्रास्काच्या वायव्य भागातल्या ३७ काउंट्यांत आता १६० ऐवजी ६४० एकर मिळणार होते. अट पाच वर्षे राहण्याची आणि एकरी सव्वा डॉलर खर्चून जमिनीवर सुधारणा करण्याची. आधीच्यापेक्षा कायदा शहाणा होता, पण पॉवेल यांच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शावर थांबलेला. ६४० एकरांवर तीस-चाळीस गाई राहतात. बरी सालं असली तर तेवढ्यावर निभावते, एक साल बिघडले की कर्ज. तरीही माणसे आली, ‘किंकेडर’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि चेरीची लोकसंख्या १९०० ते १९२० या वीस वर्षांत साडेसहा हजारांवरून पावणेबारा हजारांच्या आसपास गेली.

त्या आलेल्यांत कृष्णवर्णीय कुटुंबेही होती. १९०७ च्या सुमारास त्यांनी ब्राउनलीजवळ, नॉर्थ लूप नदीकाठी डेविटी नावाची वसाहत उभी केली. त्यांतल्या अनेकांचे आईबाप किंवा आजीआजोबा गुलामीतून सुटून कॅनडात गेले होते आणि तिथून ही कुटुंबे नेब्रास्कात उतरली होती. नदीकाठची बरी जमीन आधीच्यांनी घेतलेली, यांच्या वाट्याला उरलेल्या टेकड्या. तरी त्यांनी शाळा काढल्या, देऊळ म्हणजे चर्च बांधले, शेजारच्या गोऱ्या रँचवाल्यांबरोबर बेसबॉलचे सामने खेळले. नेब्रास्काच्या ग्रामीण भागातली ती कृष्णवर्णीयांची सर्वांत मोठी वस्ती होती. १९३० च्या दशकात ती मोडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत ज्यांना दुसरीकडे जमीन मिळणे अवघड होते त्यांना इथे मिळाली, आणि आकडा पुन्हा अपुरा असल्यामुळे ती हातातून गेली. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते.

१९२० नंतर शेतमालाचे भाव कोसळले, मग तिसाच्या दशकाचा दुष्काळ. किंकेडरांनी जमिनी शेजाऱ्यांना विकल्या, रँचचे आकारमान हजारो एकरांवर गेले आणि लोकसंख्या उतरत आज साडेपाच हजारांवर आली. जनगणनेच्या तक्त्यात ही शंभर वर्षांची घसरण दिसते. पण टेकड्यांकडे पाहिले तर वेगळी गोष्ट दिसते. नांगरलेले तुकडे पुन्हा गवताखाली आले आणि रँचचा आकार पॉवेल यांच्या आकड्याशी, त्याच्याही पुढे जाऊन, जुळला. १९७० च्या दशकात हा धडा एकदा परत गिरवावा लागला. मध्यावर फिरणाऱ्या लांब नळांची सिंचनयंत्रे आली, बाहेरच्या गुंतवणूकदारांनी टेकड्या घेऊन मक्याची गोल शेते पाडली, आणि पुढच्या दशकात भाव पडल्यावर यांतली बरीच शेते सोडून दिली गेली. मागे उघडी वाळू राहिली. गवताला एकदा भोक पडले की वारा ते मोठे करत जातो. याला तिथे ब्लोआउट म्हणतात. ते बुजवायला रँचवाले कुंपण घालून गुरे बाहेर ठेवतात, आत जुने टायर आणि वाळलेले गवत पसरतात, आणि मग काही वर्षे वाट पाहतात. जी जमीन एका जखमेतून सावरायला वर्षे घेते तिच्यावर माणसे कमी आहेत अशी तक्रार करणे मला पटत नाही.

आता आजचा प्रश्न. वस्ती विरळच राहणार हे मान्य केले तर तिथल्या माणसांना शाळा, दवाखाना, वीज, रस्ता कोणत्या मापाने द्यायचा?

नेब्रास्कात प्राथमिक शाळांचे छोटे स्वतंत्र शालेय जिल्हे, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, असत; शाळा बहुतेक एकशिक्षकी. चेरीत अशा शाळा पुष्कळ होत्या. पट पाच, सात, कधी दोन. २००५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने असे सगळे जिल्हे मोठ्या जिल्ह्यांत विलीन करण्याचा कायदा केला. राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, तो विधिमंडळाने झुगारला. लोकांनी सह्या गोळा करून प्रश्न मतदानाला नेला आणि २००६ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याने तो कायदा रद्द केला. पण विलीनीकरण त्याआधी जूनमध्येच उरकून घेतले होते. मोडलेले जिल्हे परत उभे राहिले नाहीत. मतदान जिंकूनही लोक हरले. प्रशासनाने निकालाची वाट न पाहता काम पुरे केले, ही गोष्ट मला कायद्याइतकीच आक्षेपार्ह वाटते.

युक्तिवाद असा होता की विद्यार्थ्यामागे खर्च फार येतो. खर्च येतो हे खरेच. पण सहा-सात वर्षांच्या मुलाने हिवाळ्यात दररोज ऐंशी-नव्वद किलोमीटर जायचे-यायचे, किंवा आईने मुलांसह गावात खोली घेऊन राहायचे आणि बापाने रँचवर एकट्याने, हा खर्च कुठल्याच तक्त्यात धरला जात नाही. तो घराने सोसायचा असतो, म्हणून तो दिसत नाही. १२ जानेवारी १८८८ ला याच मैदानांवर शाळा सुटायच्या वेळी अचानक हिमवादळ आले आणि नेब्रास्का व डकोटात दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले कितीतरी. शाळेचे अंतर हा तिथे नुसत्या सोयीचा प्रश्न कधीच नव्हता.

आपल्याकडे याच मापाने निर्णय होत आहेत, म्हणून मराठी वाचकाने हे दूरचे समजू नये. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्रात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचे ठरले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव आला. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत मात्र आपण अंतर हेच माप धरले आहे: पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन. ते माप बरोबर आहे. पाड्यावर पट कमी असतो कारण पाडाच लहान असतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अलाबामाच्या खटल्यात ठरवले की राज्याचे मतदारसंघ लोकसंख्येप्रमाणेच असले पाहिजेत. आमदार माणसांचे प्रतिनिधी असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हे, असे सरन्यायाधीश वॉरन यांनी लिहिले. त्यापूर्वी विरळ भागांतली मते शहरांतल्या मतांपेक्षा कितीतरी वजनदार होती आणि त्या जोरावर शहरांतल्या गरिबांवर, कृष्णवर्णीयांवर अन्याय झाला होता. मग एकरांसाठी वेगळे माप मागणे म्हणजे त्याच काळात परत जाणे नव्हे का?

नव्हे. मत माणसाप्रमाणे मोजावे हे मला पूर्ण मान्य आहे. चेरीच्या एका माणसाला ओमाहा या राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहरातल्या माणसापेक्षा जास्त मत असू नये. पण सेवा ही मतासारखी मोजता येत नाही. रुग्णवाहिकेला लागणारा वेळ माणसांच्या संख्येने कमी होत नाही. मत समान ठेवून सेवा अंतराप्रमाणे द्यायची, यात विसंगती नाही. उलट मत समान झाल्यामुळे विधिमंडळात या मुलखाचा आवाज बारीक झाला आहे. म्हणून तर सेवेचे माप कायद्यात पक्के लिहिलेले हवे, दर वर्षीच्या बहुमतावर सोडलेले नको.

हे शक्य आहे याचा पुरावा व्हॅलेंटाइनमध्येच उभा आहे. १९९७ मध्ये केंद्राने ‘क्रिटिकल ॲक्सेस’ रुग्णालयांची योजना आणली. खाटा २५ पर्यंत, दुसरे रुग्णालय ३५ मैलांपेक्षा दूर, डोंगराळ भागात १५. अशा रुग्णालयाला वृद्धांच्या सरकारी विम्यातून पैसे रोग्यांच्या ठरावीक दराने नाही, तर प्रत्यक्ष येणाऱ्या खर्चाने मिळतात. अशा हिशेबामुळे नेब्रास्कात आज अशी साठहून अधिक रुग्णालये उभी आहेत आणि चेरीचे रुग्णालय त्यांतले एक. विजेचेही तसेच. १९३६ चा ग्रामीण विद्युतीकरण कायदा नेब्रास्काचेच सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी काँग्रेसमध्ये लढवला. खासगी कंपन्या मैलामागे ग्राहक मोजत आणि तार टाकायला नकार देत. मग सरकारी कर्ज घेऊन लोकांनी सहकारी संस्था काढल्या. चेरी-टॉड नावाची अशी एक संस्था राज्याची सीमा ओलांडून रोझबडच्या लाकोटांच्या घरांना आणि चेरीच्या रँचना वीज देते. आपल्या सहकाराच्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको.

ओमाहाच्या करदात्याने याचे पैसे का द्यावेत, असे विचारले जाते. तो विचारतो त्यात चूक काही नाही. पण चेरीचे रँचवालेही जमिनीवर भरघोस कर देतात, आणि शाळांचा बराचसा खर्च त्या करातूनच निघतो. जमिनीची किंमत कागदावर मोठी म्हणून राज्याचे अनुदान मात्र वर्षानुवर्षे नाममात्र मिळत आले. २०२३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्यामागे १,५०० डॉलर द्यायचे ठरले तेव्हा थोडा फरक पडला. शिवाय गवत राखले म्हणून पाणी मुरते, आणि ते भूजल सगळ्या राज्याच्या कामाचे आहे. त्याचे बिल रँचवाल्यांनी कधी पाठवलेले नाही.

माणसे थोडी असूनही काय होऊ शकते याचे उदाहरण कोडी हे गाव. वस्ती दीडशेच्या आसपास. किराणा दुकान बंद पडले तेव्हा दुधासाठीसुद्धा दूरच्या गावी जावे लागे. शाळेतल्या मुलांनी आणि गावाने मिळून पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंतींचे दुकान बांधले आणि २०१३ मध्ये ते सुरू झाले. हिशेब, माल मागवणे, गल्ल्यावर बसणे ही कामे मुले करतात, तोच त्यांचा अभ्यास. शाळा आहे म्हणून दुकान आहे. पट पाहून ती शाळा हलवली असती तर दुकान उभेच राहिले नसते.

१९८७ मध्ये रटगर्स विद्यापीठाचे फ्रँक आणि डेबोरा पॉपर यांनी मांडले की कोरड्या मैदानांवरची वस्ती हीच मुळात चूक होती. मोठा भाग रानरेड्यांना मोकळा करावा. मैदानांवर प्रचंड संताप उसळला. पॉपर यांचे जमिनीबद्दलचे म्हणणे बरेचसे खरे होते. चुकले ते एवढेच की बाहेरून पाहणाऱ्याला उतरता आलेख हा शेवटच वाटतो. रानरेडे परत आलेही, पण कुणाला उठवून नाही. रोझबडवर, चेरीच्या सीमेला लागून, सिचांगू लाकोटांनी २०२० पासून २८,००० एकरांवर वोलाकोटा नावाचे रानरेड्यांचे कुरण उभे केले आहे. निर्णय त्या जमिनीवर राहणाऱ्यांनी घेतला, हा फरक माझ्या लेखी सगळ्यांत मोठा आहे.

म्हणूनच मला चेरीच्या लोकसंख्येची चिंता वाटत नाही, मालकीची वाटते. नेब्रास्काने १९८२ मध्ये लोकमताने राज्यघटनेत तरतूद केली होती की कुटुंबाबाहेरच्या कंपन्यांनी शेतजमीन आणि रँच घ्यायचे नाहीत. २००६ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण ती राज्याबाहेरच्यांशी भेदभाव करत होती. सँडहिल्समध्ये दूर राहणारे फार मोठे जमीनमालक आधीपासून आहेत आणि आता त्यांना अडवणारे काही उरलेले नाही. त्यांतले काही जमीन उत्तम राखतात, हे मी नाकारत नाही. पण मालक दूर राहू लागला की शाळेच्या मंडळावर बसायला, आग विझवायला धावायला, काउंटीची निवडणूक लढवायला कुणी उरत नाही. पगारी माणूस दोन वर्षांनी बदलून जातो. पाच हजार माणसांची काउंटी व्यवस्थित चालू शकते, ती चालवणारी माणसे तिथे राहत असली तर. राज्याबाहेरचा की आतला असा भेद न करता, जो जमिनीवर राहतो आणि जो राहत नाही अशा दोघांत करआकारणीचा फरक करणारा कायदा नेब्रास्काच्या विधिमंडळाला करता येईल का, हे तपासायला हवे, आणि जमीन विकायला निघालेल्या म्हाताऱ्या रँचवाल्याला तरुण स्थानिक खरेदीदार मिळावा म्हणून कमी व्याजाचे कर्ज तर आजच देता येईल.